सुहासचा फोन

माईक जरा बाजूला घ्या. मला लागत नाही. बेलापुरात पिठाच्या गिरणीवर माझा जन्म गेला. त्या खडखडाटात बोलून बोलून आवाज एवढा झालाय की सुहास म्हणायचा, "आक्का, तू फोन कशाला करतेस? दारात उभी राहून बोल, नगरला ऐकू येतं." आजही मोठ्यानेच बोलणार. सांभाळून घ्या.

पास्टरसाहेब, नातेवाईक, गावकरी, आणि कंपनीतल्या पोरांनो. तुम्ही लांबून आलात. बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. बरं वाटण्यासारखं काही राहिलेलंच नाही. पण आलात. कंपनीचे मोठे साहेब आले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या हाती हार पाठवलाय. तो तिकडे कोपऱ्यात ठेवलाय. राहू दे तिथेच.

सभा सुरू होताना सांगितलं, मोबाईल बंद करा. सगळ्यांनी केले. लगेच केले. मी बघत होते. त्यावर मला बोलायचंय, पण आधी माझ्या भावाबद्दल बोलू द्या.

आमचे पप्पा हे समोर बसलेत. उभा जन्म साखर कारखान्यात काढला. कारखान्यात ते एकाच माणसाला भ्यायचे, टाइम ऑफिसवाल्याला. पाच मिनिटं उशीर झाला की तो हजेरी कापायचा, वर हसायचा. सुहास बी.कॉम. झाला, नगरला एमबीएला गेला. दुसऱ्या वर्षाला विषय निवडायचा होता. त्याचे मित्र मार्केटिंग घेत होते, फायनान्स घेत होते. हा घरी येऊन म्हणाला, मी एचआर घेतलं. पप्पांनी विचारलं, "म्हंजे काय करायचं?" याने समजावून सांगितलं. कामगारांची भरती, हजेरी, पगार, रजा. पप्पांचं तोंड उतरलं. म्हणाले, "म्हंजे टाइम ऑफिसवाला व्हनार तू? येवढं शिकून हजेरी कापनार?"

सुहास म्हणाला, "न्हाई पप्पा. मी मानसं घेनार."

आठवतं ना, पप्पा? तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

पदवी घेऊन बाहेर पडला, पण खुर्चीवर बसवायला कुणी वाट बघत नव्हतं. नगरच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. काम काय? कँटीनच्या भाजीत मीठ जास्त झालं, बोलवा सुहासला. बूट पायाला लहान झाले, बोलवा सुहासला. कंपनीची बस आली नाही, घाला सुहासला शिव्या. मी चिडवायचे, "दोन वर्षं यासाठी शिकलास होय रे?" तो हसायचा. म्हणायचा, "आक्का, पुस्तकात माणसाला रिसोर्स म्हणतात. गेटवर उभं राहिलं की कळतं, तो डबा घेऊन आलेला कुणाचा तरी बाप असतो."

मग ऑफिसर झाला, भरती त्याच्याकडे आली. आणि त्याने एक पद्धत पाडली. पोरगं निवडलं की कंपनीतून मेसेज जायचा नाही. सुहास स्वतः फोन करायचा. पोराने उचलला की म्हणायचा, "आईला दे." आणि आईला सांगायचा, "मावशी, उद्यापासून तुमचा मुलगा आमच्याकडे कामाला. डबा देत जा." बसलेल्यांपैकी किती जणांच्या आयांनी तो फोन घेतलाय? माना खाली घालू नका. मला सगळं सांगायचा तो. कुणाची आई फोनवर रडली, कुणाची म्हणाली, "साहेब, पोरगं उशिरा उठतंय, पर कामाला लई चांगलं हाय." त्याला वाटायचं, आपण जे शिकलो ते यासाठी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कंपनीचं काम कमी झालं. माणसं कमी करायचं ठरलं. गेटवर गोंधळ नको म्हणून वरून हुकूम आला, फोनवर सांगा. कुणी सांगायचं? ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत त्याने. "डबा देत जा" म्हणणाऱ्यानेच आता "उद्यापासून येऊ नका" म्हणायचं. तो भांडला. वर जाऊन सांगितलं, निदान समोर बसवून सांगू द्या. ऐकलं नाही. नोकरी सोडतो म्हणाला, तेव्हा मीच म्हटलं, अरे, तू सोडलीस तर दुसरा कुणीतरी फोन करेल, आणि तो शिव्या घालून करेल.

लोक त्याला म्हणायला लागले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हणणारे इथे बसलेत. असू द्या. ज्याच्या पोटावर पाय येतो तो बोलणारच.

पण मग तुम्ही एक गोष्ट सुरू केलीत. कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. साहेबांचा फोन उचलायचाच नाही. उचलला नाही तर साहेबांनी सांगितलं कुठे? सांगितलं नाही तर नोकरी गेली कुठे? दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेटवर हजर! अरे बाबांनो, फोन न उचलून नोकरी राहते का? पण बुडणारा काडीलाही धरतो. मला हसू यायचं. त्याला येत नव्हतं. म्हणायचा, "आक्का, माझा फोन म्हणजे टिटवी ओरडल्यासारखं झालंय. वाजला की घरं गप्प होतात."

त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी गिरणी थांबवली. म्हणाला, "आक्का, मला काढलं." मी म्हटलं, "कुणी सांगितलं?" म्हणाला, "मोठ्या साहेबांचा फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला मी." आणि हसला बघा. खूप महिन्यांनी असा हसला. "सुटलो. आता मला कुणाला फोन करायला नको. खोली रिकामी केली, बॅग गाडीला बांधलीय, निघालोच. भाकरी टाक."

मी भाकरी टाकली.

राहुरीच्या अलीकडे त्याच्या छातीत कळ आली. त्याने गाडी बाजूला लावली, लिंबाखाली बसला. अँब्युलन्सला फोन केला. ती निघाली होती, पण तिला वेळ लागणार होता. मला का नाही केला? मी बेलापुरात. मी पोचणार कधी? कंपनीतल्या पोरांनो, तुमची वस्ती तिथून दोन शेतं पलीकडे. त्याला माहीत होतं, फर्स्ट शिफ्ट सुटलीय, पोरं घरी आली असतील, दोन मिनिटांत मोटारसायकल घेऊन येतील. त्यानेच कामाला लावलेली पोरं.

मातीच्या तिसऱ्या दिवशी त्या वस्तीवरचा नितीन माझ्या गिरणीवर आला. उभा राहा रे नितीन. नको? बस मग. दळण घेऊन आला नव्हता. नुसताच उभा राहिला. म्हणाला, "आक्का, साहेबांचा फोन आला हुता. मला वाटलं, आज माझी बारी. मी फोन गोधडीखाली घातला. वाजून वाजून थांबला." मग म्हणाला, "माझ्याच घरी न्हाई आक्का. वस्तीवर एकामागून एक सगळ्यांचे फोन वाजले. आमी अंगनात उभं राहून एकमेकांकडं बघत हुतो."

एकानेही उचलला नाही. एकानेही.

शेवटी उसाचा ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने त्याला उचललं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मग मी काय केलं?  खूप राग आला. गिरणी चालू केली, म्हणजे त्याचं रडणं ऐकू येणार नाही. तुम्हाला माफ केलं असं मी आजही म्हणणार नाही. ते पास्टरसाहेबांना म्हणू द्या, त्यांचा अधिकार आहे. मला एवढंच कळतं की तुम्ही दुष्ट नाही. भ्यालेले होतात. आणि माझ्या भावाच्या आवाजाला भ्यायला तुम्हाला ज्यांनी शिकवलं, त्यांनी हार पाठवलाय.

मागे त्याच्या कॉलेजच्या मुली बसल्यात; तो तिथे कधीमधी शिकवायला जायचा. एकीने मला दारात विचारलं, "आक्का, सर म्हणाले होते एचआर घे. आता घेऊ का?" पोरी, मी चौथी शिकलेली. मला काय विचारतेस? पण विचारलंसच तर ऐक. घे. तुझ्याआधी तिथे हसत हजेरी कापणारे जातीलच, तर तूही जा. पण ज्या दिवशी तुला लांबून, फोनवर, माणूस तोडायला सांगतील, त्या दिवशी तुला सुहास आठवू दे. चालत जा. समोर बस. त्याच्या घरचा चहा पी आणि मग सांग. नाही जाऊ दिलं, तर माझ्या गिरणीवर ये. काम आहे.

पप्पा, तुमचा मुलगा टाइम ऑफिसवाला नव्हता. त्याने मानसंच घेतली. मोजा हवं तर, सगळी इथे बसलीत.

आता उभे राहा. सुहाससाठी आपल्याला शांत उभं राहायचंय. पण एक करायचं. बंद केलेले मोबाईल सुरू करा. मघाशी सांगितलं ते विसरा. आवाज मोठा करा. वाट बघते मी, सगळ्यांचे सुरू होऊ द्या.

झाले?

आता गप्प उभे राहू. मध्येच कुणाचा वाजला तर लाजू नका, कुणाचा आहे तेही बघू नका. उचला.