गिअरची मूठ

तळहातावरचा हा वण कशाचा, हे तुम्ही विचारलं म्हणून सांगते.

आमच्या भाजीच्या व्हॅनच्या गिअरची मूठ फुटली होती. पवनारहून वर्ध्याच्या बाजारात रोज मीच गाडी नेते, त्यामुळं त्या फुटक्या मुठीची धार माह्याच हाताले लागे. नवी मूठ आणली, पण जुनी निघेच ना. आट्यांवर बसलेली, फिरवून काढाची, काम एवढंसं.

आमचे धाकटे दीर शेखरभाऊजी म्हणाले, "वहिनी, बाजूले व्हा. इथं जोर लागते." त्यांनी लावला जोर, मूठ हलली नाई. मग आमच्या ह्यांनी पान्यानं धरली, तर प्लास्टिकच सोलून निघालं. शेवटी दोघं म्हणाले, "आता कापाच लागते."

कापताना गिअरच्या दांड्याचे आटे गेले असते, तर नवी मूठ बसली नसती, गाडी उभी राह्यली असती अन् सकाळचा बाजार बुडाला असता.

"थांबा," म्हटलं. गरम पाण्यातलं फडकं मुठीवर ठेवलं, मग ते काढून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली अन् पिळली. कटकन आवाज झाला अन् मूठ फिरली.

भाऊजींनी विचारलं, "वहिनी, एवढी घट्ट केली तरी कोणं होती?"

"मीच. गिअर टाकता टाकता माहा हात रोज जराशी पिळते तिले."

भाऊजी नवी मूठ बसवाले लागले अन् मोठ्या अदबीनं म्हणाले, "वहिनी, किती आवळू?"

"तुम्ही नुसती बसवा भाऊजी," म्हटलं. "आवळाचं माह्या हातावर सोडा."