सदतीस नंबर हजर!

म्हनं बाळतपन आजार न्हाई! न्हाई तर न्हाई, आमी कुठं म्हनतोय आजार हाय? पन मंग रजा कशाची देनार ते तर बोला! हसू नका, आदी ऐका, आन् मंग तुमीच सांगा, ह्यात माजं काय चुकलं!

म्या बनाबाई, आंबवड्याची. माजी सून रत्ना भोरला कालेजात, बीएच्या दुसऱ्या वर्साला. लगीन ठरतानाच म्या तिला शबुद दिलेला, पोरी, तुजं कालेज सुटायचं न्हाई. तिला आई न्हाई म्हनून बाळतपन आमच्यातच झालं. नात झाली, नाकानं थेट माज्यावर! आन् आठव्या दिवशी कालेजाचं पत्र... हजेरी भरत न्हाई, परीक्षेचा फारम घेनार न्हाई. किती कमी? धा दिवस! धा!

गेले एष्टीनं. खिडकीतला भाऊसाहेब नाकातनं बोलतोय, "आजारपणाचं सर्टिफिकेट आणा." म्हनलं, बाळतीन हाय. "बाळंतपण हा आजार नव्हे, बाई." बरं, डाक्टरकडं गेले, तर डाक्टर म्हनतोय, "आई ठणठणीत, बाळ ठणठणीत, मी लिहू काय?" पुन्यांदा खिडकी. "ठणठणीत आहे ना? मग येऊ द्या वर्गात." अवो, सव्वा महिना झाला न्हाई, टाकं वलं हायत, आन् तान्ही पोर कुठं ठिवायची? "लहान मूल आवारात चालणार नाही." मेल्या, तू काय मिशा घिऊन जल्मलास व्हय?

तवा मला आटावलं. माजा हनुमंता, रत्नाचा दादला, झाला तवा आमी रोजगार हमीच्या रस्त्याव खडी फोडायचो. माज्या बाळतपनात माजी जाऊ बाळाबाई माज्या जागी हातोडा घिऊन उभी ऱ्हायली, आन् मुकादमानं गपगुमान हजेरी लावली. घरचं मानूस आलं ना, झालं! मंग म्या म्हनलं, जावंच्या जागी जाऊ चालती, तर सुनंच्या जागी सासू का न्हाई? सांगा की, माजं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी पदर ह्येवढा पुढं वढला आन् बसले शेवटच्या बाकाव. शेजारी रत्नाची मैत्रीण यास्मिन. लई गुनाची पोर, कानात म्हनली, "मावशी, सदतीस म्हनलं की हजर म्हना." सर आले, खाली मान घालून सुरू... पस्तीस, छत्तीस, सदतीस... "हजर!" असा दिला की खिडकीतलं कबूतर उडालं! सरांनी वर बघितलं? छ्या! मारली टिक. मराठीच्या बाई, टिक. इतिहासाचे सर, टिक. सात दिवस! पंचेचाळिशीची बाई, कपाळाला रुपायायेवढं कुकू, कुनाला दिसली न्हाई! ज्यांना म्या दिसले न्हाई, त्यांना रत्नाचं पोट कुठनं दिसायचं?

आठव्या दिवशी अर्थशास्त्र. आन् सर शिकवत्यात काय? रोजगार हमी! "कामावरच्या स्त्रियांच्या लहान मुलांसाठी सावली, पाणी आणि सांभाळायला एक बाई, अशी तरतूद असते. लिहून घ्या, परीक्षेला येतं." परीक्षेला येतं म्हनं! माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठलेच. "अवो सर, खरं हाय त्ये! म्या सोता तिथं झोळी बांदलीया. खडी फोडनारीच्या पोराला झोळी, मंग बीए शिकनारीच्या पोरीला का न्हाई?"

सरांनी पैल्यांदा मान वर केली. "तुम्ही कोण?" आन् माज्या तोंडातनं रागारागात काय निघावं... "सदतीस!"

झालं! नेली प्रिन्सिपलसायबाकडं. "ही शुद्ध फसवणूक आहे!" म्या फसवलं? न बघता टिका कुनी मारल्या? भांडले, हात जोडले, रडले बी, खोटं कशाला सांगू? पन सायेब आपलं एकच, "नियम म्हणजे नियम." तांबड्या शाईनं खोडल्या समद्या टिका. फारम गेला, पोरीचं वरीस गेलं. घरी आले तर रत्ना पोरीला पाजत बसलेली, मांडीजवळ पुस्तक उगडं. तिनं माज्या तोंडाकडं बघितलं आन् पुस्तक मिटलं. माजं काय चुकलं, हे तिला इचारायचा धीर न्हाई झाला वो मला.

न्हाई, पन कालेजानं काय केलंच न्हाई असं म्हनू नका हां! पुढच्याच सोमवारी यास्मिन सांगत आली, फाटकाव नवी पाटी लागलीया. "विद्यार्थिनींच्या सासूबाईंना वर्गात बसण्यास सक्त मनाई आहे." झोळीला जागा न्हाई, रजेला कागूद न्हाई, पन ह्येला रंगारी आला, पत्रा आला, तांबडा रंग आला! आता काय बोलायचं? रत्ना घरात, म्या घरात... आन् ती पाटी तेवढी रोज कालेजात, शंबर टक्के हजर.