नावडतं सांग

…न्हाई न्हाई, ताट कावून सरकवतीस, बस की अजून, अर्धं धपाटं तसंच हाय. उठायची घाई काय? वटी भरायला अजून टाइम हाय — शेजारच्या केशरबाई शेतातून यायच्यात, सुंदररावाची सून यायचीय, पाच जनी जमल्या की मग भरू. जावई पारावर बसलेत, आर्वी आज्यासंगं करडं बघायला गेलीय, तवर तू अन् मी दोघीच. आन् मी बोलले न्हाई तर ह्या घरात आवाजच न्हाई बघ दुसरा. घे, दही घे. धपाटं कसं, कडंनं करपलेलं पायजे. मऊ धपाटं म्हंजे काय धपाटं हाय व्हय — त्यापरीस मानसानं बिस्कूट खावं. तुला बी करपलेलंच आवडतं? बरं. ठेचा घे मग. ठेचा असा पायजे का कानातून वाफ निघाली पायजे, न्हाईतर मिरची वाया गेली म्हनायची. तिखट लागतं न तुला? लागतं? बरं बरं. अन् च्या? मी म्हनते च्यात साखर कमीच पायजे, लोक पाक करून पेत्यात अन् त्याला च्या म्हनत्यात. तुला बी कमीच? बरं बाई. जावयाला नवी बायको लई गुनी मिळालीय, असं घाटनांदूरहून ऐकलतं मी, खरंच निघालं.

एक इचारू? लग्नात हलगी बरी का डीजे? तुझ्या लग्नात काहीच वाजलं न्हाई, म्हाईत हाय मला — बिजवराचं लग्न, देवळात उरकून टाकलं, चार मानसं अन् भटजी. तुझ्या आईला वाईट वाटलं आसंल. पोरीचं पहिलंच लगीन, अन् मांडव सुदिक न्हाई. पर तुला काय आवडतं ते सांग. मला इचारशील तर हलगी. डीजेनं घरातली भांडी हालत्यात, मानूस हालत न्हाई. हलगी कशी, म्हातारीचे बी पाय उचलत्यात. हलगीच ना? मला वाटलंच. आन् ते मोबाईलमधलं लुडो खेळतीस का तू? कसला खेळ हाय तो — फासा बी मोबाईलच टाकतो, आपून नुस्तं बोट लावायचं. खेळायचं तर चल्लस खेळावं. फरशीवर खडूनं घरं आखायची, चिंचोके फोडायचे, टाकायचे, अन् दुसऱ्याची नजर चुकली का सोंगटी दोन घरं पुढं सरकवायची. लबाडीबिगर चल्लसला मजाच न्हाई. मी कवा केली न्हाई लबाडी, मला जमतच न्हाई, मी आपली नीट खेळायची अन् हरायची, सगळी लबाडी रोहिणीच —

घ्या. ठरवलतं मी, आज तिचं नाव काढायचं न्हाई. नवी पोरगी पहिल्यांदा उंबऱ्यात आलीय, तिच्यापुढं मेलेलीचं नाव कशाला, असं मीच सांगितलं सगळ्यांना. आन् मीच काढलं.

आता काढलंच हाय तर सांगते. मला करपलेलं धपाटं आवडत न्हाई. दात कुठं हायेत मला? मला मऊ लागतं, दुधात भिजवलेलं. च्या मला गोड लागतो, इतका गोड का ती म्हनायची, आई, तुझ्या कपात मुंगी बुडून मरंल. हलगीनं माझं डोस्कं दुखतं. सगळं तिचं हाय हे. करपलेलं बी तिचं, हलगी बी तिचीच. ती एक म्हनली का मी दुसरं म्हनायची, दिवसभर तेच चालायचं आमचं, पंचमीला आली का गल्लीतल्या बाया म्हनायच्या, भामाबाईची लेक आली वाटतं, भांडन ऐकू यायलंय. आता ती न्हाई, तर तिच्या बाजूनं कोन बोलंल? म्हनून मी बोलते. तिचं बी मीच बोलते अन् माझं बी मीच. सकाळी तवा ठिवला का आपसूक म्हनते, करपू दे जरा — आन् मंग खायाला बसले का गिळत न्हाई. हेंला काय, ताटात माती वाढली तरी गुमान खातील अन् हात धुवून शेरडांमागं जातील. वरीस झालं, ह्या घरात कुनी म्हनलं न्हाई का भामे, आज मीठ जास्त झालं.

कावीळ झालती तिला. तुला सांगितलं आसंलच त्यांनी. बीडला दवाखान्यात होतो आम्ही, डोळे असे हळदीवानी, बोलायची बी ताकद न्हाई. शेवटी शेवटी मी खिचडी भरवायले, एक घास घेतला अन् म्हनली — आई, ह्याला चव न्हाई, कुनी केली ही. लई आनंद झाला मला. पळत भाईर गेले, जावयाला म्हनले, नावं ठिवायली पोरगी, आता जगती. दुसऱ्या दिवशी गेली.

खाय तू. खाय.

तुला वाईट वाटंल, पर आता बोलायलेच हाय तर ऐक. मी न्हाई म्हनलते. मागचीच्या आईनं नवीला लेक मानायचं, तिची वटी भरायची, ही रीत काढली कुनी? जिची लेक मेली न्हाई तिनंच काढली आसंल. मी म्हनलते, हे एकटे भरतील वटी, मी माळावर जाऊन बसते. मनातून वाटायचं, नवी भांडखोर निघावी, आर्वीला मारावं तिनं, म्हंजे पोरगी माझ्याकडं घेऊन येईन. असं वाटायचं मला, आजी असून. आन् आज गाडीतून उतरलात तर आर्वी मला बघून तुझ्या पदरामागं दडली. मला बघून. जीव जळाला माझा. पर तुझा हात बघितला मी, तू लगीच पाठीवर ठिवला तिच्या, कुनाला दाखवायला न्हाई, आपसूक. तवाच म्हनले, भरावी लागंल वटी.

अन् हे काय, डोळे लाल झाले तुझे. नाकातून पानी यायलंय. माझ्या बोलन्यानं न्हाई हे, ठेच्यानं हाय. तिखट सोसत न्हाई न तुला? आं? मान हलवू नको, तोंडानं सांग. सोसत न्हाई. मंग खाल्लास कावून एवढा? माझी असती तर ताट असं सरकवलं असतं का दाराला लागलं असतं. पाव्हनी गुमान खाती बाई, लेक नावं ठिवती. आता घडीभरानं पाच जनींपुढं मला तुला लेक म्हनायचंय, अन् सकाळधरनं तू माझ्या हरेक गोष्टीला व्हय व्हय करायलीस. कसं म्हनू मी? जीभ उचलंल का माझी? एक काम कर, एक तरी नावडतं सांग मला. काहीबी. मला राग न्हाई यायचा. दही आंबट हाय म्हन, घरात शेरडांचा वास मारतो म्हन, म्हातारे लई बोलतीस म्हन. सांग. मनात आसंल ते सांग.

काय? मोठ्यानं बोल की.

टाक? गळ्यातला?

हां. चांदीचा हाय तो. मागचीच्या नावानं करत्यात, नवीनं गळ्यात घालायचा, म्हंजे मागची रुसत न्हाई म्हनत्यात. टोचतो का? दोरा बदलून देते की, रेशमाचा — टोचत न्हाई? मंग…

बरं. दुसरीला गळ्यात घेऊन निजायला नको वाटतं. बरं.

न्हाई, रडू नको, मी काय रागाला आले न्हाई. मीच म्हनले न, सांग म्हनून. मला वाटलं दही म्हनशील. बरोबर हाय तुझं. तुझी बी पहिलीच खेप हाय संसाराची, तू कावून कुनाला गळ्यात वागवावं. तिला तरी कुठं चाललं असतं, तिनं तर पहिल्या दिवशीच काढून फेकला असता, अन् वर सासूला दोन शब्द ऐकवले असते.

काढ. थांब, गाठ पक्की हाय, मी सोडते. मान खाली कर. कुनी इचारलं तर सांगायचं, तिच्या आईनं मागून घेतला. सासूला तुझ्या मी बोलते, तू भिऊ नको. निघाला बघ. तोंडवळा तर काहीच न्हाई तिचा ह्याच्यात, सोनारानं आपलं नाक-डोळे कुनाचेबी काढलेत. देवघरात? न्हाई, देवघरात नको. माझ्याकडून ती अजून देव झाली न्हाई. राहू दे हातातच.

केशरबाईचा आवाज यायला. जा, भाईर वसरीवर बस तू, पदर नीट घे. नारळ, तांदूळ, खन काढून ठिवलंय मी, वटी भरनार हाय तुझी, लेकीची भरत्यात तशीच भरनार. आले म्हनावं. जा की. जरा एकटं बसू दे मला हिच्यासंगं.