थर्माकोलचा हिरवा डोंगर

मेहकरच्या बसस्टँडवर वंदना गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर बियाण्याची पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती, अन् तिच्या तिशीतल्या पोराच्या मांडीवर थर्माकोलचा हिरवागार डोंगर होता. वंदनाच्या हातात मोबाईल होता, पण कान मागंच.

"गोविंदा, ह्याच्यापायी आठ दिवस थर्माकोल कापून राह्यला तू. भाकरीतबी त्याचे कण निघाले."

"माय, खेळ हाये तो. टेबलावर डोंगर मांडायचे, अन् बोटाएवढ्या फौजा लढवायच्या. उद्या शेगावात स्पर्धा हाये."

"लढाई कधीची हाये तुही?"

"जुन्या काळची. घोडेस्वारायची."

"मंग डोंगर हिरवा काऊन?"

"व्हिडिओत असाच दाखवते."

"व्हिडिओवाल्यानं आपला डोंगर पाह्यला काय? आपला डोंगर हिरवा असते पावसाळ्यात. तवा नाल्याले पूर, वावरात चिखल. घोडे काय पोहत जातीन?"

"शिपाई पायी चढतीन."

"कोठचे शिपाई? पावसाळ्यात सारे आपापल्या वावरात. दसरा झाला का मंग निघत."

"तुले काय माहीत लढाईतलं?"

"लढाईतलं नाही. पेरणीतलं माहीत हाये."

शेगावची गाडी लागली. पोरगा डोंगर सांभाळत उठला.

"येतो माय. परवा वापस येतो."

"वावरातली ओल परवापर्यंत थांबंल काय?"

"तुही सून हाये ना घरी. तुमी दोघी मिळून पेरा."

"हाव, जा. रंग बरोबरच हाये तुह्या डोंगराचा. पेरणी टाकून निघालेल्यायचीच फौज हाये ते."