कटकट बंद

...अन् फोन स्लो झाला म्हणून मला कशाला बोलता हो? मी काय फोन बनवतो का? मी ॲप बनवतो, ॲप! पण न्हाई, आपल्याकडं ज्याला कॉम्प्युटर उघडता येतो त्यानं टीव्ही बी लावून द्यायचा, मिक्सर बी बघायचा अन् पाहुण्याच्या मेव्हण्याचा विसरलेला पासवर्ड बी शोधून द्यायचा! आत्ता ह्या हॉलमध्ये शिरलो, संध्या मॅडमनी फळ्यावर 'मोबाईल वापरा, पण जपून' असं झकास लिहून ठिवलंय, अन् माईक हातात यायच्या आधी लोकांनी फोन हातात दिले! "परमेश्वर भाऊ, जरा बघता का, लई हँग होऊन राह्यला." अहो, फोन चांगलाय! त्याला काय बी झालं न्हाई! तुम्ही त्याचं गोदाम करून ठिवलंय, त्यानं काय करावं?

अन् हो मॅडम, तुम्ही सांगितलं की कार्यक्रमात सगळ्यांनी मोबाईल बंद ठिवा. बराबर आहे. सगळ्यांनी ठिवा. फक्त माझा चालू राहील. हा असा टेबलावर, उताणा. आता सांज होत आलीय म्हणून... का, ते सांगतो.

आधी टिपा घ्या, त्यासाठी बोलावलंय. फोन चार्जिंगला लावून उशाखाली घेऊन झोपू नका, तापतो तो. फोन साफ करणारं ॲप घेऊ नका, सगळ्यात जास्त घाण तेच करतं. नोटिफिकेशन बंद करा, सगळ्या! माझ्या बी ॲपच्या करा, मी तर पहिल्यांदा त्याच बंद केल्त्या. माझं ॲप माहीत असलच तुम्हाला, 'कटकट बंद'. अनोळखी नंबरवरून एक रिंग येती अन् कट होती, तुम्ही भोळेपणानं उलटा फोन लावता अन् फसता, होतं का न्हाई असं? तर माझं ॲप अशी रिंग दारातूनच हाकलून देतं. आवाज न्हाई, उजेड न्हाई, तुम्हाला पत्ता बी लागत न्हाई. दिवाळीच्या तोंडावर आलं बाजारात, साहेब खूश, लोक खूश, अन् त्याच दिवशी, गावाकडं निघता निघता, सगळ्यात आधी ते मी माझ्याच फोनात टाकलं.

अन् एक टीप आमच्या आबांची. घरच्या माणसाचा नंबर फोनात न्हाई, डोक्यात ठिवायचा! फोन विहिरीत पडंल, चोरीला जाईल, डोकं कुठं जातंय? मी आबांचा नंबर आजवर सेव्ह केला न्हाई. झोपेतून उठवा, सांगतो की न्हाई बघा... काकू, ही टीप लिहून घेऊ नका. थांबा जरा.

आमचे आबा, म्हणजे वडील, राधाकिसन, मेंढ्यांवाले. सोयाबीन निघाली की आई अन् आबा कळप घेऊन निघणार, आज ह्याच्या शेतात मेंढ्या बसव, उद्या त्याच्या, शेतकऱ्याला खत अन् आपल्याला धान्य. मी पुण्यात, एसीत. दोघांत मिळून एक बटनाचा फोन, तो दिवसभर बंद, बॅटरी पुरवायची म्हणून. सांजच्याला मेंढ्या बसल्या की आबा बांधावर चढणार, फोन चालू करणार अन् मला देणार एक रिंग. एकच! कट! म्हणजे काय? म्हणजे बसलो, मेंढरं बराबर, तुझी आई बराबर. मंग मी द्यायची उलटी एक रिंग. कट! म्हणजे मी बी जेवतोय, बराबर आहे. झालं बोलणं! कॉलेजात होतो तवापासून हे चालू. दोन रिंगा म्हणजे लावून बोल. त्या आबांनी एकदाच दिल्त्या, आजी गेली तवा.

मी म्हणायचो, "आबा, आता बोलणं फुकट आहे हो, बोला की दोन शब्द!" आबा म्हणायचे, "बोलायचं काय त्यात? रिंग वाजली ना? मंग मी हाय."

दिवाळीला मी त्यांना मोठा फोन नेला. म्हणलं, तोंड दिसंल, बोलता येईल. आबांनी उलटा केला, सुलटा केला. "ह्याला रोज चार्जिंग करावं लागतंय?" म्हणलं, हो. "म्हंजी रोज चारायचं. अन् मेंढ्या कवा चारू?" दिला वापस! मला बी राग आला, मी म्हणलं, "मंग त्या रिंगा तरी बंद करा! कोण देतंय आजकाल मिस कॉल?" ...बोलून गेलो हो. आबांनी बिडी काढली.

पुण्याला आलो, अन् रिंग बंद!

पहिल्या दिवशी म्हणलं, रेंज नसल. मंग म्हणलं, रुसले. मंग मी बी रुसलो. रात्री ऑफिसातून सुटून लावायचो तर बाई म्हणायची, आपण डायल केलेला नंबर बंद आहे. अन् सांजच्याला मी लावायचोच न्हाई! का? तर नेमकी त्याच वेळेला आबांची रिंग येत असली अन् लाईन बिझी लागली तर? मीटिंगमध्ये साहेब आलेख दाखवून राह्यले, अन् मी फोन मांडीवर घेऊन बसलो. चार्ज आहे, रेंज आहे, आवाज मोठा केलाय. फोन चांगलाय! सगळं चांगलं असून बी जेव्हा वाजत न्हाई ना, तवा लई बेकार वाटतं, तुम्हाला सांगतो.

शेवटी सुट्टी टाकली अन् गावाकडं, राजूरला उतरलो. बन्सीलाल सेठच्या दुकानातून आबा चहा-साखर भरतात, त्यांना ठावं असणार. "सेठजी, आबा कुठं आहेत?" "अरे सांगतो रे, जल्दी काय आहे? पहिले हा फोन बघ. जागा न्हाई म्हणतो! एवढ्या महागाचा फोन अन् जागा न्हाई?" उघडला. शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, चहाचा कप, अन् गणपती तर इतके, की चतुर्थीला राजूरच्या देवळाच्या रांगेत तेवढी माणसं नसतील! म्हणलं, "सेठजी, फोन चांगलाय, हे सगळं पुसून टाकू?" सेठजी गादीवरून अर्धे उठले. "देव पुसतोस?" मोठी पंचाईत! मंग मी म्हणलं, "पुसत न्हाई सेठजी, विसर्जन करतो." "हां, ते कर!" अन् मंग बसलो विसर्जन करत, एकेका मूर्तीला सेठजी हात जोडून राह्यले! टीप घ्या, व्हॉट्सॲपचे फोटो आपोआप उतरतात ते बंद करा. सगळे देव गेल्यावर सेठजी म्हणले, "पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराकडं गेल्ते बघ तुझे आबा."

पिंपळगावात प्रभावती मावशीच्या शेतात लेंड्या दिसल्या, मेंढ्या न्हाईत. "मावशी, आबा?" "कालच उठले की. पण आधी हे बघ बाबा, माझ्या लेकीचा आवाजच येत न्हाई. लावती, अन् गप बसती. काय राग धरला पोरीनं, कळंना." मी बघितलं, फोनचं कानाजवळचं भोक पिठानं गच्च! मावशी भाकरी थापता थापता फोन धरतात. जुना दाताचा ब्रश मागितला, हलक्या हातानं झाडलं (पाणी लावायचं न्हाई, ही बी टीप), अन् लेकीला लावून दिला. तिकडून आवाज, "आई! ऐकू येतंय का?" मावशी मटकन ओट्यावर बसल्या. मला विचारतात, "म्हंजी ती बोलतच होती व्हय रे?" म्हणलं, "बोलतच होती मावशी. फोन चांगलाय. पीठ बसल्तं." त्यांनी डोळे पुसले अन् मला नाल्याच्या पलीकडं बोट दाखवलं.

गेलो. मेंढ्या बसल्त्या, आई चुलीपाशी, अन् आबा बांधावर, फोन हातात. मला बघून म्हणले, "आलास? भाकर टाकाय सांग तुझ्या आईला."

मी म्हणलं, "आबा, रिंग का बंद केली?"

"मी? मी तर रोज देऊन राह्यलो. तूच उलटी देत न्हाईस."

"आबा, एक बी आली न्हाई हो!"

आबांनी फोन धोतराला पुसला, डोक्यातून नंबर काढून बटनं दाबली, अन् माझ्या कानाजवळ धरला. वाजून राह्यला! त्यांच्या फोनात माझी रिंग वाजून राह्यली, अन् माझा फोन माझ्याच तळहातावर... गप्प. उजेड बी न्हाई. आबांनी कट केला. मी ॲप उघडलं. हिरव्या अक्षरात, मीच लिहिलेलं, मीच!

'अभिनंदन! आम्ही तुम्हाला एका कटकटीपासून वाचवलं.'

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं. काय सांगू? म्हणलं, "आबा, तुमचा नंबर मी फोनात ठिवला न्हाई. त्यामुळं फोन तुम्हाला वळखत न्हाई." आबा म्हणले, "मला वाटलं, पोरगं कामात असल. म्हणून उलटी रिंग यायची वाट बघत जरा जास्त बसायचो हितं. तुझी आई वरडायची, भाकर गार झाली म्हणून."

एवढंच. राग न्हाई, रुसवा न्हाई. मला त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

मी तिथंच नंबर सेव्ह करायला घेतला, तर म्हणतात, "डोक्यातून काढून फोनात ठिवतो व्हय?" मंग काय! नंबर राहू दिला अन् ॲपच काढून टाकलं. वर माझ्याच ॲपला एक स्टार दिला. साहेब अजून शोधून राह्यले, हा नालायक कोण म्हणून!

आता दिवसभर लोनवाले, प्लॉटवाले, लकी ड्रॉवाले, सगळे मला एकेक रिंग देऊन राह्यलेत. देऊ द्या. प्रत्येक रिंगला मी उडी मारतो, भर मीटिंगमध्ये. आज आबा कुठं बसणार, मला ठावं न्हाई, रिंग आली की बसले एवढं कळंल. म्हणून म्हणलं मॅडम, माझा फोन चालू... थांबा! वाजला! गप्प बसा जरा, कुणी बोलू नका... एक... कट! बघा, एकच! बघू, नंबर बघू...

...

लोनवाला.

असू द्या. फोन चांगलाय. बाहेर अजून उजेड आहे, मेंढ्या बसल्या नसतील. तोवर आणा इकडं, कुणाचा स्लो झाल्ता?