मागच्या दाराचं कीपॅड

हितं न्हाई, हितं न्हाई — आवो पावणं, ह्यो हॉल झाला, हितलं कीपॅड हाय की भिंतीवर, दिसंना का? दुसरं मागं बसवायचं, सैपाकघराच्या दाराला. फोनवर सांगितलं व्हतं तुमच्या मालकाला — रखमाजी, माजी उपसरपंच, अवसरीच्या अलीकडं गुलाबी बंगला. चपला राहू द्या... न्हाई, काढाच, फरशी नवी हाय. काय? हे हॉलमदीच का लावलं? आता आल्यागेल्याला दिसाय नको? पोरानं पुण्यावरनं मानसं आनून अलारम बसवून दिला, त्यो काय डाळीच्या डब्यामागं लपवून ठिवायचा व्हय! मानूस सोफ्यावर बसतं, च्या पितं, इचारतं, अण्णा हे काय? मंग मी उठून दाबून दावतो.

चोरीला जान्यासारखं काय हाय — सगळेच इचारत्यात. टीव्ही हाय. शोकेस हाय. आता कांदा चाळीत, गाय गोठ्यात, मोटार हिरीवर, ते सगळं भाईरच, त्येला अलारम न्हाई. त्येच्या राखणीला उसातला बिबट्या हाय की, हा हा! हसा हसा. ह्या इथं घ्या, कडीच्या वरच्या अंगाला. न्हाई, जरा खाली. लई उंच नको, तिचा हात पुरला पायजे.

तिचा म्हंजी — कोनाचाबी वो. सोयीसाठी बसवतोय. सकाळी धारंला मागच्या दारानं जावं लागतं, आन दार उघडलं की भोंगा. आधी हॉलमदी नंबर दाबायचा, मंग मागं यायचं. माजा पाय दुखतोय ना — पडलो न्हाई, गायनं लाथ मारली. आठ दिस झालं धार मीच काढतोय, तिला माजा हात चालंना. मंडळी? हैत की. जुन्नरला गेल्यात, लेकीकडं, हर्षालीकडं. सहजच. न्हाई, आजारी न्हाई कोन. तुमी भोक पाडा.

...आता तुमी तरी कोनाला सांगनार हाय म्हना. रोज साडेचारला ही उठायची आन मला हालवायची — आवो, नंबर दाबा. रोज! आठ म्हयनं! एक दिस मी वैतागलो, म्हनलं, माजी झोप मोडतीस, एवढं काय सोनं निघतंय त्या गायीच्या आचळातनं? झालं. दुसऱ्या दिशी उठवलंच न्हाई. कुत्रं भुकत व्हतं, वासरू उघड्यावर, म्हनून गप कडी काढून गेली — आन ह्ये जे बोंबललं, अख्खी आळी जागी! मी काय केलं? मी... खोलीची आतनं कडी लावली. चोर म्हनल्यावर कोनबी लावंल. तुमी न्हाई लावनार? हातरुणात ही न्हाई, ते अंधारात दिसतंय व्हय? मंग दार वाजाय लागलं, धाडधाड धाडधाड — मी पलंगच सरकवला दाराला. ‘आवो, मी हाय, उघडा’ म्हनत व्हती म्हनं. त्या भोंग्यात ऐकू येतंय का? ...आलं थोडं. पर टीव्हीवर दावत्यात की, चोरं बाईचा आवाज काढत्यात!

बिबट्याचं ठसं निघालं ना उजाडल्यावर, गोठ्यामागं. ही त्येच्यापासनं हितनं तिथं, एवढ्या अंतरावर व्हती. भोंग्यानंच पळाला त्यो. पारावर मी तेच सांगतो, अलारमनं वासरू वाचलं. हिच्याम्होरं तसं बोलायची माजी छाती न्हाई.

नंबर का न्हवता दिला? आवो, बाईमानूस! चार बायकांत उठबस, तोंडातनं निसटला म्हंजी? गुपित ते गुपित. मी कोनालाच... म्हंजी शेजारच्या दादाभाऊला ठावं व्हता. त्यो काठी घेऊन मागनं आत आला, सरळ हॉलमदी गेला, दाबला नंबर, भोंगा गप. हिच्या देखत. ही म्हनली, भावजी, तुमाला ठावं हाय? तर त्यो शहाना म्हनतो, “दोन तीन शून्य नऊ की वैनी, तेवीस सप्टेंबर, अण्णा उपसरपंच झालं त्यो दिस. सगळ्या गावाला ठावं हाय.” आता सांगितला आसंल मी कौतुकानं एकदा. दोनदा. न्हाव्याला सांगितला त्यो येगळा.

ही भांडली असती तर बरं झालं असतं. दूध तापवलं, मला च्या दिला, पिशवी भरली आन नवाच्या एस्टीनं गेली. घर खायला उठतंय, राव. मंग लेकीकडनं निरोप आला — मागच्या दाराला आईचं कीपॅड, आईचा नंबर, मंगच आई येनार.

झालं बसवून? बेस. आता तिचा नंबर टाका — आन मला चिठ्ठीवर लिवून द्या, गुपचूप. कोनता? जन्मतारीख टाका. आधारवर एक जानेवारी हाय, पर ती मास्तरनं अंदाजानं लिवल्याली... लग्नाची टाका. उन्हाळा व्हता. आमरस व्हता पंगतीला. तारीख... तारीख... थांबा, इचारतो. — हर्षाली? फोन आईकडं दे. — अगं, बसवलं बघ! नंबर कोनता टाकू? ...कोनाकडं? मला सांग की... बरं, बरं. — घ्या, तुमच्याशीच बोलायचं म्हनती.

आसं माज्याकडं पाठ करून काय दाबताय? मी घरमालक हाय! ...बरं, न्हाई बघत. भाईर यिऊ? आलो. दार लावा. लागला अलारम? आता माजा नंबर चालतो का बघू — दाराजवळच्या खिडकीतनं हात घालतो, पुरतोय हात. दोन, तीन, शून्य, नऊ. लाल? परत. दोन, तीन... ह्ये लालच व्हतंय! काय? जुना नंबर पुसला? कोनी सांगितलं? ...दोन्ही कीपॅडचा डबा एकच, म्हंजी हॉलमदलाबी गेला? आन मी घरात कसा जाऊ? दार उघडलं तर दादाभाऊ काठी घिऊन यील, आन आता त्येलाबी नंबर ठावं न्हाई!

चारच्या एस्टीनं? येती म्हनली? आजच? आधी सांगायचं ना, राव! नक्की आजच म्हनली ना?

मंग आसू द्या. बसतो मी हितं पायरीवर. ती म्होरल्या दारानं आत जाईल, तिच्याकडं चावी हाय, आन आता नंबरबी. दाराला हात लावायची आपली बिशाद न्हाई. हितनं वाजवीन, ‘अगं, मी हाय, उघड’ म्हनंन... आत ऐकू जातं ना वो हितनं?

जावा, जावा तुमी. गाडी काढा.