जावकचं पाकीट

बसथांब्यावर दोघीजणी एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. गळ्यात सरकारी कार्यालयातल्या प्रशिक्षणार्थींची ओळखपत्रं होती.

“तुझं बरंय बाई. साहेब मजकूर सांगणार, तू खुर्चीत बसून लिहिणार. मी महिनाभर जावकला पाकिटं चिकटवतेय.”

“टायपिंगला तू माझ्याहून सरस आहेस.”

“ते मला सांगून काय उपयोग?”

“साहेबांनाच सांगितलं. कॉलेजला पाठवायच्या शिफारसपत्रात तुझंही नाव घातलंय त्यांनी. सोमवारी जावकला दिलं. आज पाचपर्यंत पोचायला हवं. गेलं ना?”

“माझंही? मला वाटलं, तुझ्या एकटीचंच असेल.”

“म्हणून?”

पर्सची चेन सरकली. लांबट सरकारी पाकीट बाहेर आलं.

“पाचला वीस मिनिटं कमी आहेत, पोरींनो,” बाई समोर बघतच म्हणाल्या. “कोपऱ्यावर रिक्षा मिळेल.”